धुरामागचा रस्ता

अहो,

कागदावर तुम्हाला अशी हाक मारायला कसंसंच वाटून राहिलं. तुम्ही असताना पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. दिल्लीला माल घेऊन गेलात की परत येईपर्यंत वाट पाहायची, एवढंच मला ठाऊक. पण आज सकाळी मधुकरभाऊजी माझ्यापुढे एक प्रश्न टाकून गेले. संध्याकाळी उत्तर न्यायला येतील. तुमच्याशी बोलल्याशिवाय ते उत्तर माझ्या तोंडून कसं निघेल?

तुमचा ट्रक आता भाऊजी चालवतात. काल सौंसरच्या नाक्यावर गाडी अडवली. यंदा नवा नियम आला आहे, धुराचा. भोपाळला तो गॅस फुटला तेव्हापासून सरकार हवेचे कायदे करून राहिलं, असं शेजारचे पोस्टमास्तर सांगत होते. आरटीओच्या साहेबांनी गाडी जागेवर उभी करून सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावली आणि भाऊजींना रेस द्यायला सांगितली. म्हणे इतका धूर निघाला की साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. धूर कमी करून आणा, नाहीतर गाडी पास होणार नाही, असं बजावून सोडलं. ट्रॅक्टरवालेही तिथेच घोळका करून उभे होते, आपली पाळी कधी येते म्हणून.

भाऊजी घरी आले ते चिडूनच. पण त्यांनी तोड काढली आहे. सगळे तेच करून राहिले म्हणाले. पांढुर्ण्याच्या मिस्त्रीकडून इंजिनाला डिझेल सोडणारा पंप कमी करून घ्यायचा, म्हणजे धूर घटतो, तपासणी झाली की परत वाढवायचा. गाडी आता माझ्या नावावर आहे, म्हणून मला विचारायला आले.

पंपाचं नाव काढलं आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं. तुम्हाला कळेलच का ते.

पहिल्यांदा तुम्ही पंप वाढवून आणला, तो दिवस आठवतो? मिस्त्रीने एक स्क्रू फिरवला आणि गाडीचा जीवच बदलला, असं सांगत होतात. जास्त डिझेल, जास्त ताकद. खताची पोती कितीही भरा, रामाकोन्याच्या पुढचा घाट गाडी दम न खाता चढते म्हणालात. मला तेव्हा एवढंच दिसलं, की गाडी दारातून निघाली आणि दोरीवरच्या धुतलेल्या पातळावर काळे ठिपके पडले. मी कुरकुरले. तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं पुढे मी फार दिवस शोधलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुम्ही छिंदवाड्याला खत टाकून रिकामी गाडी घेऊन परत येत होतात. घाटात माणसं जमलेली दिसली म्हणून उतरलात. लोधीखेड्याचे एक मास्तर स्कूटरवर होते. चढावर एका ट्रकच्या मागे अडकले, धुरात समोरचं काही दिसेना, तरी पुढे काढायला गेले आणि वरून येणाऱ्या बसखाली सापडले. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, काळ्या धुराचा ट्रक होता, धूर एवढा की नंबर दिसला नाही.

तुम्ही घरी आलात आणि हात न धुता ओट्यावर बसलात. मी पाणी आणलं तर तांब्या घेतला नाही.

"कुसुम, तो माझा धूर होता," म्हणालात.

मी म्हणाले, घाटात काय एकच गाडी चालते? तुम्ही मान हलवली. जाताना भरली गाडी घेऊन वर पोचल्यावर तुम्ही चहाला थांबला होतात. ती बस तुमच्या डोळ्यांसमोरून घाटात उतरली होती. आणि तुमच्या मागून दुसरा ट्रक वर आलाच नव्हता.

पोलिसांनी कधी विचारलं नाही. कोणालाच काही कळलं नाही. मला वाटलं, सुटलो. पण तुम्ही सुटला नाहीत. चूल धुरकटली की जेवता जेवता पानावरून उठायचात. दुपारी ओट्यावर बसायचात आणि नागपूर रस्त्याने एखादा ट्रक धूर सोडत गेला की तो धूर विरेपर्यंत नजर हलवायचा नाहीत. एकदा मी विचारलं, काय पाहून राहिलात? "मागं कोणी हाय का ते," एवढंच म्हणालात. त्या दिवसापासून घरात आपल्यासोबत आणखी कोणीतरी राहते असं मला वाटायला लागलं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही असे मास्तर.

मग तुम्ही लोधीखेड्याला जायचं काढलं. मी वाट अडवली होती. झालं ते झालं, तुम्ही सांगून मास्तर परत येणार आहेत का, पोलिसात गेलं तर आमचं काय, सगळं बोलले. बेबी तेव्हा रांगत होती, तिला तुमच्या मांडीवर आणून ठेवलं. तुम्ही तिला उचलून माझ्याकडे दिलं आणि निघून गेलात. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला सांगू? आणि तुमचा मान वाटतो, तोही त्याच दिवसापासून.

परत आल्यावर तुम्ही जे सांगितलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या. तुम्ही सगळं बोलून गेलात. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"त्यांनी हॉर्न वाजवला होता का, भाऊ?"

तुम्ही म्हणालात, इंजिनाच्या आवाजात मले ऐकू आला नाही.

"नसंलच वाजवला. दुसऱ्याले त्रास होते म्हणत," त्या म्हणाल्या. "पोलिसात जाऊन मले काय भेटन? गाडी चालवा तुम्ही. पण मागच्याले रस्ता दिसू द्या. आणि इथं परत येऊ नका."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढुर्ण्याला जाऊन पंप कमी करून आणलात. तेव्हा कुठे नियम होता हो? ड्रायव्हर लोक हसायचे, तुमच्या ट्रकला बैल जुंपा म्हणायचे. घाटात मागे गाड्या लागल्या की तुम्ही कडेला थांबून सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचात. सगळ्यांच्या शेवटी पोचायचात. माझं पातळ मात्र स्वच्छ वाळायचं. तुम्हाला थोडी झोप लागायला लागली होती. मला वाटलं, आता आपलं नीट होईल.

आणि मग तो संत्र्याचा हंगाम. तुम्ही पांढुर्ण्याला दिल्लीचा माल भरला. पुढचं सगळं मला किसनकाकांनी सांगितलं. इतकी वर्षं तुमच्यासोबत क्लीनर म्हणून फिरलेला म्हातारा माणूस तो. व्यापाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त पेट्या वर चढवल्या आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मुलताईच्या अलीकडच्या चढावर गाडी रडायला लागली. वळणावर इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढला तरी गाडी कणाकणाने मागे सरकत होती.

तुम्ही किसनकाकांना खाली पाठवलं, मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला. चाकामागे दगड लावायचं काम खरं तर त्यांचं. पण तुम्ही म्हणालात, "काका, तुम्ही खाली जा, मागच्याले सांगा. दगड मी लावतो." मागची गाडी त्यांनी थांबवली. ते वळून पाहतात तर ट्रक मागे येऊन कडेच्या दगडांवर टेकला होता. तुम्ही मधे होतात.

ट्रकचं फारसं काही बिघडलं नाही. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून दिल्लीला गेल्या. तुम्ही घरी आलात ते पांढऱ्या चादरीत.

तेराव्यानंतर भाऊजी म्हणाले, दादा त्या कमी पंपापायी गेला, मी वाढवून घेऊ का? मी म्हणाले, घ्या वाढवून. मला त्या मास्तरांचा राग आला होता. मास्तरीणबाईंचा आला होता. तुमचा सगळ्यात जास्त. मेलेल्या माणसासाठी जिवंत बायको विसरलात, असं मी किती वेळा भिंतीकडे तोंड करून म्हणाले असेन.

पण एक झालं. तुमची गाडी काळा धूर ओकत दारावरून जायला लागली आणि मी ओट्यावर थांबायला लागले. हातातलं काम तसंच राहते. धूर विरेपर्यंत पाहते. कधी धुरात एक स्कूटर दिसल्यासारखी होते. कधी तुम्ही दिसता, वाकलेले, हातात दगड घेऊन. मग रस्ता मोकळा होतो. कोणी नसते. बेबी आता बोलते, विचारते, "आई, काय पाहून राहिली?" तिला मी काय सांगू, तुम्हीच सांगा.

आज सकाळी भाऊजी बोलून थांबले तेव्हा मी त्यांना विचारलं, कमी केलेला पंप कमीच राहू दिला तर?

"वयनी, त्याच्यापायीच दादा गेला ना. तुमाले मीही तसाच जायला पायजे का?"

भाऊजी असं कधी बोलत नाहीत. बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं, चहा न घेता उठून गेले. ते म्हणतात त्यात खोटं काय आहे? त्यांनाही घर आहे, बायको आहे. मुलताईच्या त्या चढाची भीती त्यांनाही वाटते, मोठ्याने बोलत नाहीत इतकंच.

ते गेल्यापासून मी तांदूळ निवडत बसले आणि तुमच्याशी भांडत बसले. भांडता भांडता एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही पंप कमी केलात, पण माल काऊन नाही कमी केला? गाडीची ताकद घटवली आणि ओझं तेवढंच ठेवलं, वर आणखी चढवू दिलं. मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिलात, एवढी हिंमत होती तुमच्यात. मग व्यापाऱ्याला "एवढ्या पेट्या नेणार नाही" म्हणायला काय झालं होतं? सगळी शिक्षा एकट्याने भोगायची होती का तुम्हाला? घरी येऊन एक शब्द मला बोलला असतात, तर मीच पांढुर्ण्याला येऊन त्याच्या पेट्या उतरवल्या असत्या. मला येत नाही का भांडता?

हे तुम्हाला बोलायचं राहून गेलं होतं. आज बोलले. इतके दिवस पंपावर राग काढत होते.

म्हणून माझं ठरलं आहे. संध्याकाळी भाऊजींना सांगणार. पंप कमी होईल आणि मिस्त्रीकडून त्याला शिशाचं सील मारून घेऊ, परत फिरवायचा मोहच नको. आणि गाडी जेवढं ओढेल तेवढाच माल भरायचा. व्यापाऱ्याशी मी बोलेन. त्याला जमत नसेल तर त्याने दुसरी गाडी पाहावी. पेट्या भरताना मी स्वतः तिथे उभी राहीन. गावात हसतील. तुम्हाला हसलेच होते.

आणि तुम्हाला एक वचन देते. भाऊजींना एकट्याला मुलताईच्या त्या चढावर पाठवणार नाही. पहिल्या खेपेला मी त्यांच्या बाजूला बसून जाणार आहे. तुम्ही गेलात त्या वळणावर मी अजून गेलेली नाही. लोकांनी नेतो म्हटलं तरी गेले नाही. आता जाईन. तिथे उतरायचं नाही, रडायचं नाही, नारळसुद्धा फोडायचा नाही असं ठरवलं आहे. गाडी चालती ठेवायची. चढ संपून सपाट रस्ता लागेपर्यंत भाऊजींच्या बाजूला डोळे उघडे ठेवून बसून राहीन.

तुमची,
कुसुम