माझ्या पालकांची परवानगी

तीर्थरूप वन्सं यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. बऱ्या म्हणजे जेवतो, झोपतो, ती शाळेत जाते, मी दुकानात जाते. तुमचा भाऊ गेल्यापासून ‘बरं’ हा शब्द मी थोडा आखूड करून घेतला आहे, बसतो अंगाला.

पत्र लिहिण्याचं कारण, तुम्ही सुचवलंत तशी मी पोरीच्या फोनवर पालकांची देखरेख लावायला गेले आणि ती माझ्यावरच लागली. रविवारी येऊन सोडवून द्या.

सविस्तर सांगते. पोरगी घरी आली की दार लोटून घेते आणि दोन्ही अंगठे सुरू. बाप गेल्यापासून माझ्या वाट्याला ‘हो’, ‘नको’ आणि ‘कळलं’ एवढंच येतं. कोणाशी बोलतेस विचारलं, तर ‘कोणी नाही’. (कोणी नाही, तर दाराआडून हसू कसं येतं?) तुम्ही म्हणालात, वय वाईट आहे, लक्ष ठेव. मला वयाची तितकी भीती नाही. एक माणूस घरातून गेलं, दुसरं घरात बसल्या बसल्या जाईल, ही भीती आहे.

म्हणून तिला समोर बसवलं आणि दोघींची खाती जोडायला घेतली. अटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्या. (माझी शाळा सातवीत सुटली, वाचन नाही सुटलं. तुमचा भाऊ म्हणायचा, ही बाई औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचते, तोवर ताप उतरतो.) सगळं वाचलं, फक्त माझ्याच खात्यावर माझं वय काय आहे ते वाचलं नाही. दोन्ही फोनवर ‘मान्य’ दाबलं आणि माझ्या फोनवर उमटलं, ‘अभिनंदन! आजपासून तुमचे पालक तुमची काळजी घेतील.’

झालं होतं असं. माझं खातं उघडून दिलं तुमच्या भावाने. जन्मतारीख विचारली तेव्हा त्याने लग्नाची तारीख टाकली. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाला, “त्याआधीचं मला काय माहीत?” त्यामुळे मी सतरा वर्षांची. आणि पोरीने लहानपणी खातं मिळावं म्हणून वय फुगवलेलं, ती तेवीसची. ॲपला लहान कोण, मोठं कोण, ते वयावरूनच कळतं. माझी तारीख बदलायची तर पालकांची परवानगी लागते. मी मागितली. पालक म्हणाले, “विचार करून सांगते.” (हे वाक्य माझंच आहे, तुम्ही ओळखलं असेल.)

तिने मला रोजचा एक तास दिला. परवा दुकानात एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला घेऊन आल्या. मापं मला फोनवर पाठवलेली, आणि तास संपून फोन बंद. जादा वेळ मागताना मी कारण लिहून पाठवलं, ‘गिऱ्हाईक उभं आहे.’ मधल्या सुट्टीत उत्तर आलं, ‘कोण गिऱ्हाईक? मुलगा की मुलगी? घरचे काय करतात?’ बाईंनी विचारलं, काय हो, काय अडलं? म्हटलं, घरून परवानगी यायची आहे. त्यांनी माझ्याकडे असं कळवळून पाहिलं की बाह्यांचे पैसे जास्तच देऊन गेल्या.

मग आठवड्याचा अहवाल आला. तो घेऊन पोरगी माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. “आई, तू सगळा वेळ बाबांच्याच पानावर असतेस?”

“हो.”

“काय बघतेस?”

“काही नाही.”

ती खाली फरशीवर बसली. म्हणाली, “ते ‘काही नाही’ मलाही दाखव ना.”

तुमचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टच्या पोकळीचे वरून फोटो काढून आपल्या पानावर टाकायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काळोख, तारा आणि खाली एक दिवा. कौतुक करणारी जगात मी एकटी. पोरीने तो गेल्यापासून हे पान उघडलंच नव्हतं, हिंमत होत नव्हती म्हणाली. सगळे फोटो पाहिले. मशीनवरचं काम तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने माझा वेळ दीड तास केला, आणि त्यातला अर्धा तास ती माझ्याशेजारी बसते. कोणाशी बोलते ते मला अजून कळलेलं नाही. दार मात्र हल्ली उघडं असतं.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मी नेमकी कोणात मोडते ते तुम्हीच ठरवा.

तुमची भावजय

ता. क. रविवारी जेवायलाच या. पण फोनला हात लावू नका.

आणखी एक. काल ॲपचा निरोप आला, की येत्या लग्नाच्या वाढदिवसाला मी अठराची होते, त्या दिवशी देखरेख आपोआप संपेल आणि मी स्वतंत्र होईन. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची जाणकार माणसं आहेत. दिवस आणि महिना त्याने टाकलाय तोच राहू द्या, वर्ष तेवढं तीन-चार पुढे सरकवता येतं का, विचारून ठेवा. पालकांची परवानगी लागेल. ती मिळाली आहे.