व्याह्यांची जर्मन आणि माझी एक परदेशी भाषा

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी ४.१०

सोनं वाटून झालं. व्हिडिओ कॉल झाला. जर्मनीहून मुलगी मोनाली, जावई अनय आणि चार वर्षांची नात वेणा. वर्ध्याहून व्याही अच्युतराव, म्हणजे अनयचे वडील. (नातीचं नाव नदीवरून ठेवायची आयडिया त्यांचीच. मी सुचवलेली सहा नावं कोणी वाचलीही नाहीत.)

अच्युतराव वेणाशी जर्मनमध्ये बोलले. सलग तीन मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. पोरगी नुसती खिदळत होती. मग माझा नंबर. मी म्हटलं, नमस्कार वेणा, आपण कशा आहात? वेणा शू करायला गेली ती आलीच नाही.

माणूस अडुसष्ट वर्षांचा. दर शनिवारी रेल्वेनं नागपूरला जर्मनच्या क्लासला जातो म्हणे. मला हेवा बिलकुल वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतो की जर्मन बोलताना त्यांच्या घशात माशी गेल्यासारखी वाटते.

संकल्प: २२ डिसेंबरला ही मंडळी आर्वीला येतील. तोपर्यंत एक परदेशी भाषा अस्खलित. कोणती, ते उद्या ठरवू. जिभेचा प्रश्नच नाही. आर्वीच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. लाऊडस्पीकरवर माझी अनाऊन्समेंट ऐकायला लोक बस सोडून थांबायचे.

३ ऑक्टोबर, सकाळी ७.००

नवी वही. पहिल्या पानावर अकरा भाषांची यादी. जर्मनवर काट. ती व्याह्यांची झाली. मी कोणाच्या उष्ट्या ताटात जेवत नाही. कोकिळा, आमची मंडळी, म्हणाली, अवो, पोट्टी जर्मन बोलते तं जर्मनच काऊन नाई शिकत? बायकांना पॉलिसी मॅटर कळत नाही.

तिला ताकीद दिली: वेणाशी फोनवर वऱ्हाडी बोलायचं नाही. लेकराचे कान बिघडतात. तिकडून व्याही जर्मन ऐकवणार आणि आमच्याकडून काय, तं मले-तुले! शुद्ध बोलायचं. मी स्टँडवर एकतीस वर्षं बोललो तसं. ती हो म्हणाली.

७ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

फ्रेंच फायनल. कारणे: नाजूक भाषा आहे, आणि नकाशात फ्रान्स जर्मनीला अगदी चिकटून आहे. ॲप घेतलं. धडा पहिला निम्मा झाला. फ्रेंच नाकातून बोलतात. मला सर्दी आहे. सर्दी गेल्यावर.

शिवाय घरात डिस्टर्बन्स. कोकिळा रोज बाराच्या सुमारास भाकरी थापते तेव्हा मोनालीचा फोन येतो. तिकडं सकाळ असते. ही फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि वेणा नाश्ता करत भाकरी बघत बसते. भाकर फुगली की तिकडून टाळ्या. मग दोघींची जी बडबड चालते तिच्यातला शब्द कळत नाही, नुसता गलका. दार लावून घेतलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सर्दी गेली. फ्रेंचची इच्छा पण गेली.

२२ ऑक्टोबर, दिवाळी पाडवा. संध्याकाळी ६.००

व्याही-विहीण फराळाला येऊन गेले. चांगली खुर्ची त्यांना दिली. अच्युतरावांनी मोबाईलमध्ये सर्टिफिकेट दाखवलं. पहिली परीक्षा पास, शंभरात एक्क्याण्णव. मी अभिनंदन केलं. दोनदा केलं. त्यानंतर छातीत जळजळ. चकली तिखट होती.

सुमतीताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, म्हणाल्या की वेणा आता ह्यांच्याशी बोलल्याशिवाय फोन ठेवतच नाही. असेल. मग अच्युतरावांनी अगदी गोड आवाजात विचारलं, पुंडलिकराव, तुम्ही पण काही शिकताय असं ऐकलं, कोणती भाषा? मी म्हटलं, रशियन.

का म्हटलं ते मला माहीत नाही. आता रशियन शिकणे भाग आहे.

२४ ऑक्टोबर

रशियनमध्ये काही अक्षरं उलटी तोंडं करून उभी आहेत. रुसल्यासारखी. सोडली.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्पॅनिश. वीसेक देशांत चालते. जर्मन किती देशांत चालते? बोटांवर मोजा म्हणावं. गुलाबराव ड्रायव्हर (माझ्यानंतर दोन वर्षांनी रिटायर) चहाच्या टपरीवर भेटला. त्याला सांगितलं. तो म्हणे, साहेब, थ्या वीस देशात आपलं कोन राह्यते? मी म्हटलं, प्रश्न कोणी राहण्याचा नाही, लेव्हलचा आहे. चहाचे पैसे त्यानंच दिले. प्रभाव पडला असावा.

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.३०

कॉल. अच्युतराव आणि वेणा यांनी बदकावरचं जर्मन गाणं म्हटलं. हातवाऱ्यांसकट. हा माणूस पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाला, आणि बदक होऊन पंख हलवून राह्यला! वेणा स्क्रीनची पप्पी घेत होती. त्याच्या चौकोनाची. माझा चौकोन बाजूलाच होता. आग लागली माह्या जिवाले.

वरचं शेवटचं वाक्य रद्द. शुद्ध नोंद: मनास किंचित अस्वस्थता जाणवली.

कोकिळा म्हणाली, काऊन जीव जाळून राह्यले? लेकराशी बोलाले भाषा लागते होय? तिचं शिक्षण सातवी. मी वाद घातला नाही.

१८ नोव्हेंबर

जपानी. बोलण्यापेक्षा वाकणं जास्त, असं वाचलं होतं. वाकलो. कंबर धरली. दोन दिवस शेक. स्पॅनिश धरून यादीतल्या आठ भाषांवर आता काट आहे. म्हणजे निवड जवळपास झाल्यात जमा आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१५. गोपनीय

जर्मन.

ही माघार नाही. व्याही पुष्कळ वाक्यं बरी बोलतात. मी एकच वाक्य असं बोलेन की ते शिकवणी मागायला येतील. मोबाईलवरून काढलं: लीबे वेणा, हेर्त्सलिश विलकोमेन इन आर्वी. अर्थ: प्रिय वेणा, आर्वी नगरीत आपले हार्दिक स्वागत असो. अनाऊन्समेंटच आहे. माझं होमपीच.

प्रॅक्टिस न्हाणीघरात, नळ सोडून, रोज वीस मिनिटं.

४ डिसेंबर

प्रॅक्टिस संपवून बाहेर आलो तर दाराशी कोमट पाण्याचा तांब्या आणि मिठाची वाटी. कोकिळेला वाटलं घसा धरला आहे. गुळण्या केल्या. काही सांगितलं नाही.

दुपारी पुन्हा स्वयंपाकघरात तोच गलका. ओरडून सांगितलं, जरा हळू, इकडे माणूस अभ्यास करतो आहे. फोनमधून वेणाचा हसण्याचा आवाज. माझ्या आवाजाला पोरगी प्रतिसाद देते आहे. चांगलं लक्षण.

२० डिसेंबर, शनिवार

मंडळी नागपूरला उतरली आणि आधी वर्ध्याला गेली. का, तर रस्त्यात पडतं. दोन दिवस अच्युतरावांना फुकटचे मिळाले. मोनालीनं फोटो पाठवला. वेणा त्यांच्या खांद्यावर बसली आहे. फोटो चांगला नाही. हललेला आहे.

वाक्य आज एकशे चाळीस वेळा. एकदाही चुकलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार. दुपारी २.४५

अकरा वाजता गाडी आली. चालवत अच्युतरावच. मी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा. वेणा उतरली. फोनमध्ये दिसते त्याच्यापेक्षा बारीक आहे. मी घसा साफ केला आणि वाक्य म्हटलं. सवयीनं दोनदा म्हटलं. स्टँडवर प्रत्येक सूचना दोनदा द्यावी लागते. समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

वेणा अनयच्या मागे लपली. पण अच्युतराव! तोंडच उघडं राहिलं त्यांचं. म्हणाले, उच्चार सुंदर आहे हो पुंडलिकराव. ऐंशी दिवसांची मेहनत कामी आली. मी मनात म्हटलं, घ्या आता.

हा विजय मिनिटभर टिकला.

आतून कोकिळा आली. पीठ लागलेले हात तसेच. वेणा अनयचा पाय सोडून धावली, तिच्या लुगड्याला बिलगली आणि म्हणाली, आजी, भाकर झाली काय वो? मले लय भूक लागली.

मोनाली हसत सुटली. म्हणे, बाबा, दोन महिन्यांपासून ही असंच बोलते. तिकडच्या शाळेतही बाईंना काऊन काऊन म्हणून विचारते. मी अच्युतरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाडव्याला माझा होता तसा झाला होता. खरं सांगतो, त्या चेहऱ्याचं मला फार बरं वाटलं, आणि लगेच माझाही तसाच झाला. नागपूरच्या चकरा त्यांच्या वाया गेल्या, अकरा भाषा माझ्या, आणि पोरगी नेली कोणी, तं सातवी पास बाईनं, मिठाच्या डब्याला फोन टेकवून.

आम्ही दोघं ओसरीत बसलो. जर्मन कोणीच बोललं नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग वेणाचा आवाज आला. चांगला मोठा. आजी, या आबाजीले आपल्यासारखं बोलता येत नाई काय?

मी ओसरीतूनच म्हटलं, बाळा, असे काय म्हणतेस, मला उत्तम येते.

वेणा कोकिळेला म्हणाली, पाह्य, नाई येत.

कोकिळेनं आधी तव्यावरची भाकर उलटली असावी. मग म्हणाली, शिकून राह्यले थे. येईन हळूहळू.

वेणा अर्धी भाकर घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. भाकर माझ्या नाकासमोर धरली आणि लहान लेकराला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, आबाजी, म्हना. मले. भाकर. पायजे.

अच्युतराव बघत होते. मी म्हटलं.

तिनं मान हलवली. म्हणे, जोरात.

मी जोरात म्हटलं. मग तुकडा मिळाला.