घरच्या भांड्यांची कलई

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

मन्नाएखेळ्ळी,
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. दानेश्वरीस अप्पाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वसतिगृहात मोबाईल कुलपात आणि रविवारी पाच मिनिटं फोन, हा नियम ऐकून तुझी अव्वा चिडली होती. मी मात्र खूश आहे. पीयूसीच्या पहिल्या वर्षाची, अकरावीतली पोरगी बापाला कागदावर लिहिते, हे भाग्य या हायवेवरच्या दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला आहे? गिऱ्हाईक भांडं उलटंसुलटं करून बघत असलं की मी हळूच तुझं पत्र काढतो. परवा एकानं घागर परत मागितली, तेव्हा कळलं की मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो.

प्रयोगशाळेत नवसागर तापवला आणि त्या धुरात घराचा वास आला, असं तू लिहिलंस. ते मी दोनदा वाचलं. तुमच्या पुस्तकात त्याचं नाव काहीही असो, कलईला तोच लागतो आणि माझं लहानपण त्याच धुरात गेलं. उस्तादाचा भाता ओढत गावोगाव हिंडलो. कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली आणि ती कुरकुरली, तर माल शुद्ध, हे त्यांनीच शिकवलं. आजही बाजारात मला कुणी फसवून दाखवावं. लग्नाची, मठातल्या दासोहाच्या पंगतींची मोठाली भांडी हुमनाबादेहून कलईला माझ्याकडे येतात, ती या दोन कानांमुळं.

आता अव्वाची बातमी. लिहू नका, पोरगी सतरा वर्षांची झाली, काय म्हंल, अशी तिची तंबी आहे. तू म्हण काय म्हणायचं ते, पण तुला भाऊ नाहीतर बहीण येणार आहे. पाचवा सरला. तुझ्यानंतर तीन वेळा आशा लागली आणि एकही टिकलं नाही. तेव्हा तू लहान होतीस, तुला सगळं ठाऊक नाही. या खेपेस मात्र माझं मन सांगायलंय की टिकेल.

थोड्या कुरबुरी आहेत. पोटात कळ येते, रक्त कमी आहे, उजव्या मनगटात जोर नाही. काल भाकरी हातातून निसटून चुलीतच गेली. मी म्हटलं, चुलीलाबी डोहाळे लागले वाटतं, तर उलथनं घेऊन माझ्या मागं लागली. तिचे स्वतःचे डोहाळे चिंचेच्या साराचे, रोज पाहिजे. म्हणून एका पितळेच्या पातेलीला मी स्वतः आरशासारखी कलई करून दिली. म्हणते, या पातेलीतल्या साराला गूळ कमी लागायलाय. आता नवऱ्याच्या हातची गोडी कुणी नाकारावी?

जेवत जा, कानाला रुमाल बांधत जा, आणि अभ्यासातून बापापुरता वेळ काढत जा.

तुझा,
अप्पा (काशप्पा)

कलबुर्गी,
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस दानेश्वरीचे शरणु शरणार्थी. वि. वि.

अव्वाची बातमी वाचून मी खोलीतल्या मुलींना लाडू वाटले. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहीन. काल फोनवर मी भांड्यांचं काढलं, तर तुम्ही हसून फोन अव्वाकडे दिलात. तिच्यापुढं मला बोलता येईना, मागं सात मुली रांगेत होत्या. म्हणून लिहितेय. दुकानात नको, एकट्यानं वाचा.

आमच्या सुधारानी मॅडम सध्या क्षार ओळखायला शिकवतात. एक पांढरी भुकटी देतात, नाव सांगत नाहीत. तिचं पाणी करून त्यात एकेक द्रव थेंबाथेंबानं घालायचा, साका बसतो का, कोणत्या रंगाचा, ते बघून आत कोणता धातू दडलाय ते सांगायचं. वाटलं ते लिहू नका, दिसलं ते लिहा, असं त्या दर तासाला बजावतात. मला या विषयाची फार गोडी लागली आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी घरची एखादी वस्तू तपासायला आणा म्हणून सांगितलं. मी तुम्ही दिलेला लोणच्याचा पितळी डबा नेला. ही माझ्या अप्पांच्या हातची कलई, असं वर्गापुढं ऐटीत सांगितलंसुद्धा.

मॅडमच्या देखरेखीखाली कलई खरवडून आम्लात टाकली. कथील पांढरं होऊन तळाशी बसलं. गाळून घेतलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, तर पुन्हा पांढरा साका आला. तो वेगळा काढला, तर गरम पाण्यात विरघळला. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब पडले आणि नळी हळदीसारखी पिवळी झाली. निवल्यावर आत सोन्यासारखे बारीक कण तरंगायला लागले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, अप्पा. इतकं सुंदर मी प्रयोगशाळेत काही पाहिलेलं नाही.

ते शिसं आहे. मी तीन वेळा करून पाहिलं.

शिसं आंबट पदार्थात उतरतं, त्याची चव गोडसर असते आणि ते अंगातून लवकर जात नाही, असं मॅडमनी सांगितलं. त्यानं रक्त कमी होतं, पोटात कळा येतात, मनगट लुळं पडतं. पोटातल्या बाळाचं सांगायला लागल्या आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी आवाज खाली घेतला. मला लहानपणापासून पोटदुखी होती, ती जूनमध्ये इथं आल्यापासून नाही. शाळा बुडवायचं निमित्त म्हणून तुम्ही चेष्टा करायचात, आठवतं?

घरच्या भांड्यांना तुम्ही काय लावता, अप्पा? अव्वाचं जेवण आजपासून स्टीलमध्ये होऊ द्या आणि डॉक्टरीणबाईंना तिच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगा. जास्त बोलले असेन तर रागवा, महिनाभर पत्र लिहू नका, पण भांडी बदला.

आपली लेक,
दानेश्वरी

मन्नाएखेळ्ळी,
दि. २४ डिसेंबर २०२४

चि. दानेश्वरीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं, एकट्यानं वाचलं. घरच्या भांड्यांना काय लावतो, हे लपवू कामून? गिऱ्हाइकाला शुद्ध कथील, कारण तिथं माझं नाव आहे. घरच्याला जोडीचं, म्हणजे उरलंसुरलं कथील आणि त्यात जुन्या बॅटरीतलं शिसं. छान पसरतं, चकाकतंही जास्त. उस्तादाच्या घरी हेच होतं आणि ते काठी न धरता ऐंशीच्या वर जगले. मीही त्याच भांड्यांतलं जेवतो आणि अजून हंडा एकट्यानं उचलतो.

भाता ओढून ज्यानं तुला कॉलेजात धाडलं, त्याला सहा महिन्यांत कलई शिकवायलीस व्हय? तुझ्या मॅडमना एकदा दुकानी घेऊन ये, चहा पाजतो. स्टील मी विकतो, पण कलईवाल्याच्या चुलीवर स्टील दिसलं, तर गिऱ्हाईक माझ्या कलईला हात लावील का, याचा विचार कर. रक्ताचं संक्रांतीनंतर बघू. अव्वाला मी काही बोललो नाही, उगंच घाबरंल.

राग नाही. उलट, पोरगी बापाची उलटतपासणी घेण्याइतकी शिकली, याची मौज वाटते. लोभ आहेच, तो परीक्षेत मार्क घेऊन फेड.

तुझा,
अप्पा

कलबुर्गी,
दि. १२ जानेवारी २०२५

ती. अप्पांस शरणु शरणार्थी.

सुखरूप पोचले. तीन तारखेला तुमचा फोन वॉर्डनच्या खोलीत आला, तेव्हाच समजले होते. आठ दिवस घरी होते, पण तुमच्याशी बोलता आलं नाही. सातव्या महिन्यातलं बाळ एवढं पूर्ण असतं, नखांसकट, हे मला ठाऊक नव्हतं. मातीत ठेवण्याआधी मी तिचं तोंड पाहिलं, ते बरं झालं.

अव्वाच्या रक्ताचा रिपोर्ट आला की कळवा. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही, ते तुमचं आहे. सत्तावीसला माझं प्रॅक्टिकल.

दानेश्वरी

मन्नाएखेळ्ळी,
दि. २० जानेवारी २०२५

चि. दानेश्वरीस अप्पाचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

रक्त हैदराबादला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. तुझं लिहिणं शब्दाशब्दानं खरं निघालं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी भांडी बदलली असती तर लेकरू वाचलं असतं का, असं मी त्यांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. त्या व्हय म्हणाल्या असत्या तर मी ते घेऊन बसलो असतो, न्हाई म्हणाल्या असत्या तर तेही. आता दोन्ही घेऊन बसतो. औषधं चालू झाली आहेत. तूही तुझं रक्त तपासून घे, माझंही दिलंय.

एक गोष्ट तुला लिहायची आहे. तू पोटात होतीस तेव्हा आपल्या घरात एक जर्मनचं, बिनकलईचं पातेलं आणि दोन मडकी होती. तू दोन वर्षांची असताना दुकान उभं राहिलं. पहिला मान घरच्या लक्ष्मीचा म्हणून मी पितळेची सगळी उतरंड तुझ्या अव्वापुढं, रत्नम्मापुढं मांडली. ती एकेक भांडं बोटानं वाजवून बघत होती आणि हसत होती. त्या भांड्यांना कलई मी केली, जोडीची. त्यानंतरची तीन आणि आताची ही चौथी. काही नसताना झालेली तेवढी तू जगलीस.

ती सगळी भांडी गोणीत घालून तोंड शिवून टाकलं आहे. विकली तर ती दुसऱ्या कुणाच्या चुलीवर जातील.

अव्वाला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. बोलण्यात मला कोण हरवणार? पण शनिवारी गोळ्या द्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला. आता औषधाला पैसे घालवू नका, माझ्या कुशीतच काईतरी वाईट हाय, चार लेकरं खाल्ली मी, असं म्हणाली. इतकं शांतपणे म्हणाली, जसं मीठ संपलंय म्हणून सांगावं.

मग मी तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. जोडीचं कथील, बॅटरीतलं शिसं, साराची पातेली, तुझं पत्र. ते वाचून मी तुला काय लिहिलं, तेही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं, उलथनं फेकून मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण तिनं फक्त इतकं विचारलं की, म्हंजे माझ्या अंगात काई वाईट न्हवतं? मी न्हाई म्हटलं. थोड्या वेळानं तिनं परत तेच विचारलं. मी परत न्हाई म्हटलं. असं चारदा विचारलं.

नंतर भिंतीकडं तोंड करून तिनं सांगितलं की चौदा वर्षांत तिनं गल्लीतलं एकही तान्हं लेकरू उचललेलं नाही. आपला हात लागला तर त्याचं काही होईल, ही भीती. बारशाला बोलावणं आलं की कंबर धरली म्हणून सांगायची आणि दाराशी बसून यायची. मला वाटायचं, हिला पोरांची हौस नाही. चार लोकांत मी तसं हसून बोललोही आहे. कथलाच्या कांडीला कान लावणारा मी, घरातलं माणूस चौदा वर्षं काय म्हणत होतं, ते मला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बोलावं असं मी तिला म्हणणारही नाही.

आज सकाळी मी दुकान उघडत होतो. ती घरातून निघाली, मला न सांगता रस्ता ओलांडून समोरच्या सुनीलकुमारच्या घरी गेली. त्यांच्या सुनेचं लेकरू दोन महिन्यांचं आहे. ओट्यावर बसून तिनं ते मागून घेतलं. उजवं मनगट अजून उचलत नाही, म्हणून डाव्या हातानं छातीशी धरलं. लेकरू आधी रडलं, मग ती कानडीत जोगुळ, अंगाई म्हणायला लागली आणि ते झोपलं. सून दोनदा हात पुढं करून घ्यायला आली. रत्नम्मानं ते दिलं नाही. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत ती तशीच बसून होती.

प्रॅक्टिकलला वेळेवर जा. मला नाही लिहिलंस तरी चालेल, अव्वाला मात्र चार ओळी धाड. बापाविषयी जे काही मनात उरलं असेल, ते कमी असलं तरी राहू दे.

काशप्पा