आबांची खाट डेअरीच्या गेटवर

१ जानेवारी १९९७, बुधवार

यंदा संकल्प एकच. राजमान्याचा सूड. तंबाखू सोडणं, पहाटे पळायला जाणं, इंग्रजी सुधारणं, सगळं रद्द. ताकद वाटली जाता कामा नये.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर माझा स्वभाव पडला क्षमाशील. दिवाळीत आमच्या वडिलांना, आबांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत. आता सगळं खाटेवर. मी बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत स्टोअरला, दर आठवड्याला फिरती पाळी. अशा वेळी कर्त्या मुलाला कायमची पहिली पाळी नको? सातला जायचं, साडेतीनला सुटायचं, मग झोपेपर्यंत वडिलांची सेवा. (मध्ये तासभर चौकात कॅरम. सेवा करणाऱ्याचं डोकं ताजं पाहिजे.) मागायला गेलो. आमचा पर्सोनेल मॅनेजर राजमाने म्हणाला, की घरोघरी कुणीतरी आजारी असतंच, पाळ्या फिरत्याच राहणार. आणि फोन उचलला. म्हणजे मी जायचं.

गेलो. पण विसरणार नाही.

२ जानेवारी, गुरुवार

नमस्कार बंद. राजमाने गेटात समोरून आला, मी सरळ दुधाच्या टाकीकडे बघत राहिलो. हादरला. रुमाल काढून नाक पुसलं.

४ जानेवारी, शनिवार

दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. आबांची मनापासून सेवा. दारातून दोनदा विचारलं, बरं आहे का. क्रिकेटचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा म्हणाले, त्येच्यापरीस माझी पाठ खाजीव. मी कौसल्येला हाक मारली.

कौसल्या म्हणजे आमची बायको. तीही डेअरीतच, पिशव्या भरायच्या खात्यात, टेंपररी. तिला आठला हजर राहावं लागतं. सकाळी आबांचं तोंड धुणं, अंग पुसणं, भांडं देणं, कपडे, भरवणं असलं किरकोळ उरकून ती आमच्या सणसर गावच्या स्टँडवर एस्टी धरते. आज एस्टी चुकली. बायकांना टाइमचं प्लॅनिंग नसतं.

७ जानेवारी, मंगळवार

कौसल्येला पुन्हा लेट मार्क. फेब्रुवारीत टेंपररी बायकांतल्या काही पर्मनंट होणार, बाकीच्यांना नारळ. ती म्हणाली, असंच चाललं तर मला काढत्याल, तुमी सकाळच्याला जरा आबांचं बघा. मी शांतपणे समजावलं, की मी सध्या मोठ्या लढाईत आहे, तिनं बारीकसारीक गोष्टी मध्ये आणू नयेत. तिनं भाकरी जरा जोरातच थापली.

९ जानेवारी, गुरुवार

थेट कारवाई. राजमान्याच्या स्कूटरची हवा सोडली. काम हलकं, पण हेतू उदात्त.

संध्याकाळी बघतो तर कुंडलिक शिव्या देत तीच स्कूटर ढकलतोय. कुंडलिक म्हणजे स्टोअरमधला माझा जोडीदार. राजमान्यानं म्हणे मारुती घेतली आणि स्कूटर सोमवारीच कुंडलिकला विकली. मला कुणी काही सांगत नाही. पंपापर्यंत मीही मागून ढकलली. कुंडलिकचे डोळे भरून आले. म्हणाला, तुज्यासारका मित्र न्हाय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

राजमाने खात्याखात्यात फिरून तिळगूळ वाटत होता. माझ्यापुढं डबा धरला. तिळगूळ घेतला, पण गोड काय, एक शब्द बोललो नाही. चांगला होता म्हणून आणखी दोन घेतले. तेही न बोलता.

१७ जानेवारी, शुक्रवार

देव आहे! पुढच्या बुधवारी आयएसओचे साहेब सर्टिफिकेटच्या तपासणीला येणार. सगळी डेअरी घासूनपुसून काढतायत, झाडांना गेरू लावतायत. राजमान्याची झोप उडालीय.

प्लॅन तयार. आबांना खाटेसकट डेअरीच्या गेटवर न्यायचं. साहेबांच्या डोळ्यांसमोर. मग मिळवून दाखव म्हणावं तुझं सर्टिफिकेट. कुंडलिकचा मेहुणा दुधाचा टेम्पो देतोय. स्कूटर प्रकरणामुळे कुंडलिक माझ्यासाठी काहीही करायला तयार आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आबांना विचारलं, डेअरी बघायची का. म्हणाले, दूध बगायचं आसंल तर येतो. कौसल्येला सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही आणि शिवाय ती नको म्हणाली असती.

२२ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी

यश. क्रमानं लिहितो.

कौसल्या एस्टीनं गेल्यावर कुंडलिकला घेऊन आबांची खाट टेम्पोत चढवली. दोन्हीकडं कॅन, मध्ये आबा. रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची ही रांग. आबा खूश. प्रत्येक गाडीवानाला झोपल्या झोपल्या गाव विचारत होते.

गेटवर खाट उतरवली आणि टायमिंग बघा, टाय लावलेले दोन साहेब राजमान्याबरोबर बॉयलर बघून बाहेर येतायत. मी पुढं झालो. म्हणालो, या माणसाला मी स्वतः अंघोळ घालतो, मी स्वतः भरवतो, रोज सकाळी सगळं मी स्वतः करतो, आणि ही कंपनी मला साधी पाळी बदलून देत नाही. 'स्वतः' भरपूर वेळा म्हणालो. राजमान्याचं तोंड गेरू फासल्यासारखं झालं. जन्माचं सार्थक.

मग आबा बोलायला लागले. हे प्लॅनमध्ये नव्हतं. त्यांनी आधी राजमान्याला गाव विचारलं, पोरंबाळं विचारली. मग म्हणाले, साहेब, आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो, तवा आमच्या मेंढरांच्या वाड्यात एक रीत हुती. ज्येच्या बिऱ्हाडाच्या घोड्यावर आजारी मानूस, त्येला रातची राखन न्हाय. ती बाकीच्यांनी वाटून घ्यायची. कुनी कुरकुर केली तर त्येच्याच कळपातलं मेंढरू कापायचं. एका टायवाल्यानं हे वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्यानं राजमान्याला विचारलं, की तुमच्याकडं अशी काही प्रोसीजर आहे का. राजमाने म्हणाला, करतोय. घाम!

मुद्दा सरळ माझ्या बाजूचा. मी टाळी वाजवणार, एवढ्यात राजमाने खाटेशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, आबा, आता तुमचं घोडं कोण हाकतं? आबा म्हणाले, कोन म्हंजी? आमची कौसल्या. ह्यो पेपर वाचून दावतो.

लकव्याचा परिणाम मेंदूवरही होतो असं ऐकलंय.

नंतर आबांना लघवी लागली. भांडं घरी राहिलेलं. त्याचं खातं माझ्याकडं नाही. तरी मी तातडीनं निर्णय घेतला आणि पॅकिंगकडं पळालो. कौसल्या टोपी-एप्रनमध्ये धावत आली. खाट बघून जागच्या जागी थांबली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वॉचमनला पाठ करायला लावली, कुंडलिकला चादरीचा आडोसा धरायला लावला, कॅन्टीनमधून एक जुना डबा आणला. सगळं झाल्यावर आबांचं धोतर नीट केलं, कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि परत लाइनवर गेली. टायवाले खाली जमिनीकडं बघत होते.

एकूण व्यवस्था मी चोख ठेवली.

२३ जानेवारी, गुरुवार

लाइन सोडून गेल्याबद्दल कौसल्येला मेमो. आता पर्मनंट व्हायचं नाव नको, असं तिच्या सुपरवायझरनं सांगितलं. ती घरी येऊन मोरीत बसून रडली. मला मनापासून वाईट वाटलं. हे राजमान्याला महागात पडणार. सूड डबल.

कौसल्या माझ्याशी बोलत नाही. दुःखानं माणूस गप्प होतो.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसहाला राजमाने मारुती घेऊन आमच्या दारात! मी झोपलो होतो, कारण तिसरी पाळी करून आलो होतो. (पाळी दुसरी होती, पण थकवा तिसरीचा होता.) जाग आली तेव्हा तो ओट्यावर बसून चहा पीत होता आणि कौसल्या आबांना पुसता पुसता बोलत होती. पुष्कळ बोलली. माझ्याशी एवढं कधी बोलत नाही. मी पांघरुणातून ऐकायचा प्रयत्न केला, पण आबा मध्येच त्याला मेंढरांचे रोग सांगत होते.

निष्कर्ष: घाबरलाय. तहाला आला होता.

३० जानेवारी, गुरुवार

विजय! बोर्डावर नोटीस. ज्याच्या घरी खाटेवरचं माणूस आहे त्यानं सांगायचं. कंपनी घरी येऊन बघणार आणि पाळी ठरवून देणार. घरून फोन आला तर निरोप लाइनवर पोचवणार. त्यासाठी गेलेल्या वेळेचा लेट मार्क नाही. त्याच्या वाट्याच्या बाकीच्या पाळ्या उरलेल्यांनी आळीपाळीनं सांभाळायच्या. वाड्यातली रीत जशीच्या तशी, फक्त मेंढरू वगळलं.

सगळ्या स्टोअरला पेढे वाटले. बॉयलरवाला कांबळे, त्याची आई आंधळी आहे, त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी म्हणालो, हे तर माझं कर्तव्यच होतं. राजमान्याला पेढा दिला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

ऑर्डरी हातात आल्या.

कौसल्येचा मेमो रद्द. पर्मनंटच्या यादीत नाव. पाळी: कायमची पहिली.

मी: कायमची दुसरी. साडेतीन ते बारा.

राजमान्याकडं धावत गेलो, काहीतरी टायपिंगची चूक आहे म्हणालो. तो म्हणाला, चूक कसली? तुम्ही आयएसओच्या साहेबांसमोर सांगितलंत, की सकाळचं सगळं तुम्ही स्वतः करता. मग तुमची सकाळ मोकळीच पाहिजे. साडेतीनला त्या सुटल्या की त्या बघतील. आणि हसला. खुनशी माणूस. नंतर म्हणाला, की मी कौसल्याबाईंना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. तर त्या म्हणाल्या, मला दुसरं काय बी नगं, सकाळची सुटका पायजे.

घरी येऊन जाब विचारला. नवऱ्याला न विचारता असलं मागायचं? कौसल्या कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, तुमीच गेटवर सांगितलंसा की मी करतो. सगळ्या लाइननं आयकलंय. मी तुमाला खोटं कशी पाडू?

आणि बेसन केलं. माझ्या आवडीचं. हे फार भयंकर वाटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी एक

कौसल्या सहाला गेली. चांगली साडी, केसात अबोली. स्टँडपर्यंत गाणं म्हणत गेली असं शेजारीण सांगते.

मनाशी टाइमटेबल केलं होतं. सातपर्यंत सगळं आटपायचं, मग पेपर.

पाणी कडक झालं. आबा ओरडले. गार घातलं तर कुडकुडले. भांडं द्यायला उशीर झाला, चादर बदलली. चादर बदलताना आबा घसरले, त्यांना धरताना बादली सांडली, दुसरी चादरही गेली. पाठीवर लाल चट्टा दिसला. विचारलं, हे कधी झालं. म्हणाले, दिवाळीपास्नं हाय, कौसल्या रोज पावडर लावती. पावडर सापडली नाही. गव्हाचं पीठ लावलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, तर घास मोठा झाला आणि जोराचा ठसका लागला. डोळे पांढरे केले त्यांनी. मी खरंच घाबरलो. रडलोसुद्धा, लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. शेजारणीनं येऊन त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या.

नंतर आबा आढ्याकडं बघत पडले होते. मग विचारलं, कौसल्या कवा यील. म्हणालो, साडेतीनला सुटंल, चारपर्यंत येईल. मग विचारलं, उद्या बी तूच का? मी व्हय म्हणालो. मग म्हणाले, मला भिंतीकडं तोंड करून वळीव.

वळवलं. तेवढं जमलं.