अळीच्या पोटात काय निघालं

१६ जुलै
पुन्हा तेच! "काय खाल्लंस?" विचारलं की हर्षाली फोनवर म्हणते, "आई, ठेवते." आणि ठेवतेच. नॉर्वेच्या पार टोकाला, थंडगार तळ्यावर किड्यांच्या अभ्यासाला गेलेली पोरगी एकटी — आईनं दुसरं विचारायचं तरी काय? गाल बसलेत. व्हिडिओ कॉलवरही दिसतं.

१८ जुलै
शेजारच्या मंगलाबाई शेवंतीची रोपं न्यायला आल्या. "एवढं शिकून किडेच बघती का गं तुझी पोरगी?" आमच्या मळ्यात किडा दिसला की हे फवारणीचा पंप पाठीवर घेतात. बाप किडे मारतो, लेक किड्यांची पोटं फाडून त्यांनी काय खाल्लं ते बघते! हसू आलं. मग वाटलं, तेच विचारून बघावं.

१९ जुलै
विचारलं — "किड्यांनी काय खाल्लं?" आणि पोरगी चक्क बोलत सुटली! तळ्याच्या तळाशी लाल अळ्या, त्या गाळ खातात. दुसरी एक अळी वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी करते आणि दगडावरचं शेवाळ खरवडते. पाणभुंगे हाती लागेल त्याला खातात. आणि या सगळ्यांवर मासे. तिकडे झाडं नाहीत, वरून पाला पडत नाही, म्हणून एवढ्याशा किड्यांवर अख्खं तळं जगतं म्हणे.
"मग तू काय खाल्लंस?" अगदी जिभेवर आलं होतं. नाही विचारलं.

२७ जुलै
आज कळलं काय बिनसलंय. तिथल्या प्रोफेसरबाईंच्या मते नळीवाली अळी फक्त शेवाळ खाते. हिला तिच्या पोटात लाल अळ्यांची डोकी सापडली. डोकी पचत नाहीत ना! बाई म्हणाल्या, तुझ्याकडून नमुने मिसळले असतील. तेव्हापासून पोरगी कुणाबरोबर जेवायला बसत नाही. खोलीत बिस्किटं खाते.
"माझंच चुकलं असणार, आई. गणपतीला आले की परत नाही जायची."
हे म्हणाले, "लय झालं. येऊ दे घरी."
मी "बघू" म्हणाले. पण इथं खरं लिहिते — मला आनंद झाला.

८ ऑगस्ट
हर्षाली सगळं पुन्हा करतेय. या वेळी प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत.
सकाळी देवापुढे हात जोडले आणि मनात काय यावं? बाईंचंच खरं निघू दे! लेक खोटी पडावी म्हणून देवाला साकडं घालणारी आई! लाज वाटली. झेंडू खुडायला निघून गेले.

१४ ऑगस्ट
"आज नको बोलायला." बस, एवढंच म्हणाली हर्षाली.

२० ऑगस्ट
"आई, आज मी खिचडी केली. सगळ्यांना वाढली." मी विचारलंही नव्हतं!

३० ऑगस्ट
हर्षालीचं खरं निघालं. वेगळ्या बाटल्या, तरी पोटात तीच डोकी. आता बाईच म्हणतात, हिवाळ्यात बर्फाखाली ही अळी काय खाते तेही तूच बघ. म्हणजे मे महिन्यापर्यंत मुक्काम.
"गणपतीचं तिकीट आहे माझं, आई. तू ये म्हणालीस तर येते."
हे शेजारून खुणा करत होते — ये म्हण, ये म्हण!
मी म्हणाले, "रद्द कर."
तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीयेत. बरोबरच आहे. मी तरी कुठं माझ्यावर खूश आहे!