डॉक्टरांच्या खोलीतली सागवानी जमीन

आप्पा, मागच्या आठवड्यात शिरूरला डॉक्टरांच्या घरी जाऊन आले. तुम्ही सागवानी जमीन घातलीत ना, तेच घर. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नीनं, आपल्या बाईंनी, कुठल्याशा जुन्या डायरीतून आपला नंबर शोधून काढला आणि फोनवर आधी तुमचीच चौकशी केली. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली हे मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या की मुलीनं पुण्याहून एक ठेकेदार ठरवलाय, तो मशीननं एका दिवसात सगळी जमीन घासून नवीकोरी करून देतो म्हणतो. पण ही सुतारमामांच्या हातची जमीन, तेव्हा त्यांच्याकडच्या माणसानं एकदा बघितल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. मी येते म्हटलं. सकाळी दौंडातून निघाले, गाडीच्या मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी बांधली आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. इतक्या वर्षांत किती घरांच्या जमिनी केल्या, पण त्या रस्त्यावर मी शिरूरपर्यंत गाडी नेहमीपेक्षा हळूच चालवली.

तुमची रेल्वेतली सुतारकी संपून तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. दौंडातला एक जुना बंगला पाडला होता, त्याच्या सागवानी फळ्या डॉक्टरांनी विकत घेतल्या आणि तुम्हाला बोलावलं. मी रांजणगावची कंपनी नुकतीच सोडली होती. सहा वर्षं टेबलापाशी उभं राहून लोखंडाचे तुकडे मोजले होते; लाकूड शिकायचंय म्हटल्यावर घरात सगळे हसले, तुम्ही तेवढं म्हणालात, "उद्या बूट घालून ये." घासायचं मशीन भाड्यानं आणायची हौस माझी. तुम्हाला ते मशीन कधीच आवडलं नाही. ते सुरू झालं की तुम्ही तंबाखूची पुडी घेऊन ओसरीवर जायचात. फिरतं मशीन एका जागी क्षणभरही थांबवायचं नाही, एवढं मात्र तुम्ही मला दहा वेळा बजावलं होतं.

आणि मी थांबवलं. त्याची वायर खिडकीच्या गजाला अडकली, ती सोडवायला मी मान वळवली, तेवढ्यात आवाज बदलला. खोलीच्या बरोबर मधोमध ताटाएवढा खोलगट भाग झाला होता. मशीन बंद करून मी बारीक भुसा गोळा केला, गोंदात कालवला, त्या खळग्यात भरला आणि वरून घासायचा कागद फिरवून सपाट केला. तुम्ही आत येता, गुडघ्यावर बसता, फळ्यांवरून तळहात सरकवत नेता. मधोमध आल्यावर हात थांबतो. तुम्ही वर बघत नाही.

"खळगा पडला त्येचं काय न्हाई," तुम्ही म्हणालात. "माझ्या हातनं बी पडल्यात. पर तू बुजवून गप ऱ्हायलीस. ज्याच्या घराची जमीन हाय त्याला कळाया नगं व्हय?"

मला वाटलं आता डॉक्टरांसमोर मला उभं करणार. तुम्ही दोघा नवरा-बायकोला आत बोलावलंत, भरलेला गोंद त्यांच्यासमोर खरवडून काढलात, खळगा दाखवलात आणि सांगितलंत, "माझा हात थांबला मशीनवर. चार दिवस जास्ती लागतील." मी तिथंच होते, आणि मी काही बोलले नाही. पुढचे चार दिवस तुम्ही धार लावलेल्या पोलादी पत्र्यानं हळूहळू भोवतालचं लाकूड उतरवत गेलात, खळग्याचा काठ कुठं सुरू होतो ते कळू नये इतकं. गुडघ्यांना पोती बांधली होती. मी दुसऱ्या बाजूनं खरवडत होते. त्या चार दिवसांत तुम्ही मला एक शब्द वाकडा बोलला नाहीत, आणि तेच मला सोसत नव्हतं.

बाई आता काठी घेऊन चालतात. मला बघून म्हणाल्या, "तू तर अगदी बापासारखी दिसायला लागलीस." मी तुमच्यासारखीच कामाला लागले. आधी ठिकठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाकला. बहुतेक ठिकाणी थेंब मोत्यासारखा उभा राहिला, म्हणजे वरचं पॉलिश अजून जिवंत होतं. फक्त खिडकीपाशी पाणी लगेच मुरलं आणि लाकूड काळवंडलं. मग उंबऱ्याजवळची पट्टी उचलून फळीची जाडी बाजूनं बघितली. बाईंना दाखवलं, की या फळ्या एकमेकींच्या खाचेत अडकवलेल्या आहेत, घासत घासत त्या खाचेपर्यंत पोचलं की कडा उचकटतात, खिळे डोकं वर काढतात आणि मग नवी फळी घालण्यावाचून इलाज राहत नाही. आधी बंगल्यात, मग इथं, असं हे लाकूड दोनदा तरी घासून झालंय. जो माणूस जाडी न बघता एका दिवसात करून देतो म्हणतो, त्याला आधी कपाटामागे हातभर जागा घासून दाखव म्हणावं. आणि पावसाळ्यात तर कुणालाच हात लावू देऊ नये, लाकूड तेव्हा फुगलेलं असतं.

"मग घासायची की नाही?" बाईंनी विचारलं.

दाराजवळ लाकूड भरपूर आहे, मधोमध नाही, असं मी सांगितलं. साहजिकच त्यांनी विचारलं, मधोमध का नाही. माणसांच्या वावरानं झिजलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आप्पा. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. वायर, मान वळवणं, गोंद. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते खोटं होतं, चूक माझी होती, आणि वीस वर्षं मी ती तुमच्या नावावर राहू दिली.

बाई हसल्या, अगदी हलकं. "अगं, आम्हाला माहीत होतं. मशीनचा आवाज बदलला तेव्हा तुझे वडील ओसरीवर यांच्याबरोबर चहा पीत होते. कप तसाच हातात धरून खोलीकडे कान देऊन बसले."

मी विचारलं, मग तुम्ही दोघं तेव्हा काहीच कसं बोलला नाहीत.

"हे म्हणाले, बापानं पांघरूण घातलंय, आपण कशाला ओढायचं?"

मला बुजवून गप बसू नकोस म्हणणारे तुम्ही, आणि खोटं बोलायचं तेही ज्याच्यासोबत चहा पीत होतात त्याच माणसाला. इतकं उघड खोटं बोलताना तुम्हाला काय वाटलं असेल? डॉक्टरांना ते कळणार हे तुम्हाला ठाऊक होतं का? की माझं तोंड बघून दुसरं काही सुचलंच नाही? तुमच्यासारखाच तळहात मी मधोमध सरकवत नेला.

बाईंनी माझ्यासमोरच मुलीला फोन करून ठेकेदाराला नको म्हणून कळवलं. मी मशीन आणलंच नाही. खिडकीपाशी तेवढं खरवडून घेतलं, बाकी सगळीकडे हातानं बारीक कागद फिरवला आणि पॉलिशचे दोन हात दिले. चार दिवस त्या खोलीत जायचं नाही, खुर्च्यांच्या पायांना जाड कापड लावायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, पिळून काढलेलंच वापरायचं, हे बाईंनी शाळकरी पोरीसारखं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून आणखी एक सांगते. परवा मी परत शिरूरला गेले. माझा छोटा रंधा त्यांच्याकडे राहिला वाटतं, असं बाईंना सांगितलं. रंधा राहिला नव्हता, तो घरी पेटीतच होता. मला नुसतं तिथं जाऊन बसायचं होतं, तुमच्याबद्दल बोलणारं दुसरं कुणी मला राहिलेलं नाही. बाईंनी काठी बाजूला ठेवली आणि वाकून कॉटखाली, कपाटामागे, पडद्यांच्या आड शोधायला लागल्या. मी राहू द्या म्हणत होते, तर म्हणाल्या, हत्यार असं सोडून कसं चालेल? शेवटी चहा झाला, दोन तास गप्पा झाल्या. निघताना म्हणाल्या, मी बघून ठेवते, तू पुढच्या आठवड्यात ये. मी बरं म्हटलं.