तयार पेटी मिळेल

८ जानेवारी १९७९

पाटी लागली! पेंटर शिडीवरून विचारतो — "खाली 'पुन्हा भेट द्या' टाकू? सगळ्या दुकानांना टाकतो." म्हटलं, बाबा रे, मयताच्या पेट्यांचं दुकान आहे हे. आमचं गिऱ्हाईक पुन्हा येत नसतं. तो शिडीवरच हसायला लागला आणि शेवटचं अक्षर वाकडं गेलं. आता ते तसंच राहणार.

तर — 'तयार पेटी मिळेल. ऑगस्टीन मिस्त्री, माणिकपूर, वसई.'

पंचवीस वर्षं मुंबईत फर्निचर कंपनीत दुसऱ्यांची कपाटं केली. फोरमन झालो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मालक झालो. मालक! शब्द लिहून पाहिला. बरा दिसतो.

कल्पना साधी होती. गावोगावचे सुतार मुंबईला नोकरीला लागले. आमच्या ख्रिस्ती घरात माणूस गेलं की मुलं पेटीसाठी मुंबई गाठतात आणि इकडे मयत उकाड्यात वाट बघत बसतं. कंपनीचे साहेब म्हणायचे, लोकांची गरज ओळखा, धंदा आपोआप होतो. ही गरज तर कोणालाच टळलेली नाही. हिशेब बिनचूक होता.

दुकानाला आशीर्वाद द्यायला फादर आले. पाणी शिंपडलं. प्रार्थना सुरू — "प्रभू, ह्या धंद्याची भरभराट..." — इथे थांबले. सगळेच थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, "सर्वांना दीर्घायुष्य दे." सर्वात मोठ्याने आमेन मीच म्हणालो. काय करतो!

पेढे निम्मे उरले. उमेळे गावच्या घरात खाणारा मी एकटा. लग्न करायचं राहून गेलं — आता तर राहिलंच म्हणायचं. पेटीवाल्याला कोण मुलगी देतो?

११ जानेवारी

गिऱ्हाईक नाही. ज्याला सांगतो तो म्हणतो, "चांगलं आहे."

१९ जानेवारी

बाजूच्या गाळ्यात सुझान लग्नाचे झगे शिवते. गुणी पोरगी. आज घुटमळत आली. "अंकल, मुली झगे घालून बघायला येतात ना, तेव्हा जरा तुमचा दरवाजा ओढून घ्याल? एकीने काल दारातल्या आरशात बघितलं तर मागे तुमचा माल दिसला. रडायलाच लागली."

घेतला ओढून. पण लग्नसराई आहे, मुली दिवसभर येतात. मी आत अंधारात, मालासोबत. पलीकडून हसण्याचे आवाज. मधल्या भिंतीची जाडी एक वीट.

२ फेब्रुवारी

पहिली विक्री!

पाचूबंदरचे दोघे भाऊ. म्हातारा बाप गेलेला. डोळे सुजलेले. "चांगली द्या," एवढंच म्हणाले. दिली. आतलं पांढरं कापड जरा सुरकुतलं होतं, ते काढून नवं ठोकलं. ते पेटी घेऊन वळले आणि मी — लिहायला लाज वाटते — टाळी वाजवली. एकच. आपली वस्तू विकली गेली ना!

पायरीवर जिजा उभी. अर्नाळ्याहून एस्टीने मासळी घेऊन येते, माझ्या पायरीवर टोपली टेकवते, अंग सैल करते. माझ्या दुकानात बसणारी अख्ख्या वसईत ही एकटी. पेटीची भीती नाही तिला. "आमच्यात जालून टाकतात, मला काय तुजी पेटी लागनार नाय," म्हणते.

"बोवनी झाली वाटतं, मिस्त्री? कोन गेला?"

"पाचूबंदरचा म्हातारा."

"बरं झालं. — म्हंजे वाईट झालं. म्हावरं घे."

दोन बोंबील जास्त घेतले. खाताना चव लागेना.

२० फेब्रुवारी

नवा शोध. मी माणसाकडे पाहिलं की माणूस आखूड होतो.

डॉमनिक माझ्या वर्गातला. ताडमाड. आज नाक्यावर भेटला तर खांदे आत, गुडघे दुमडलेले. "पाठ धरली काय रे?" विचारलं. "नाही रे. तू बघतोयस ना, म्हणून." आणि खोटं नाही ते! सुताराची नजर, ती जातेच. कंपनीत साहेबाकडे एकदा बघून खुर्चीची उंची सांगायचो तेव्हा केवढं कौतुक व्हायचं. नजर तीच आहे. आता तिच्यापुढे लोक बसकण मारतात.

डॉमनिकच्या मुलीचं लग्न रविवारी झालं. केक मला सोमवारी पोचला. "गडबडीत सांगायचं राहिलं," म्हणाला. केक उत्तम होता.

५ मार्च

म्हटलं, पेट्यांवरच कशाला अडून राहायचं? आंब्याच्या लाकडाचं टेबल केलं. सांधा शोधून दाखवा म्हणावं असं. एक गृहस्थ थांबले, हात फिरवला, किंमत पटली. मग वाकून हळूच — "उरलेल्या फळ्यांचं आहे का?"

टेबलावर आता मीच डबा खातो.

१४ मार्च

जिजा म्हणाली, "तुजी नंदाखालची बहीन आंगनात दिसत नाय हल्ली. सून म्हावरं घेते, ती नाय येत. बरं नाय वाटतं तिला."

मटिल्डाबाय. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा. हिनेच वाढवलं — कान पिरगळून, आणि मग त्याच कानावर हात फिरवून. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की माझं जेवण तिच्याकडे. माझा विनोद संपायच्या आधी हसते. पण दुकान निघाल्यापासून तिचा मुलगा ॲन्सेल्म दर आठवड्याला निरोप धाडतो — "ह्या रविवारी नको मामा, पाहुणे आहेत." एवढे पाहुणे तर किल्ल्यातल्या पोर्तुगीजांकडेही येत नसतील.

म्हणजे ती आजारी होती. आणि मला बाहेर ठेवलं होतं.

१८ मार्च

गेलो. ॲन्सेल्मने फाटकातच गाठलं. बँकेत आहे, फार हळू आणि फार स्वच्छ बोलतो.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. शेजारी बघतात. तुम्ही आत गेलात की सगळ्यांना वाटणार... आई अजून आहे."

"अंडी आणलीयत, ॲन्सेल्म. अंड्यांची मी पेटी करत नाही."

हसला नाही. अंडी घेतली. फाटक लावलं — आवाज होऊ न देता, ते जास्त लागलं. खिडकीचा पडदा हलला असं वाटलं. वारा असेल.

२५ मार्च

रविवार. घरी जेवलो. भात करपला.

६ एप्रिल

गोखिवऱ्याला फळ्या आणायला गेलो. वखारवाला तुळशीदास मला 'शेठ' म्हणतो. जगात हा एकटाच म्हणतो. त्याला सहज म्हटलं, बंद करावं की काय.

"का, शेठ? धंदा तर जमतोय. अशी वेळ आली की आता लोक तुमचंच नाव घेतात."

"नाव घेतात, तुळशीदास. हाक मारत नाहीत."

त्याला कळलं नाही. फळ्या मोजायला लागला.

परत येताना विचार करत होतो. कंपनीत पाचचा भोंगा झाला की फोरमन तिथेच खुंटीला टांगून ऑगस्टीन घरी यायचा. आता भोंगा माझ्याच हातात आहे म्हणतात. वाजवू कधी? नाक्यावर, चर्चच्या बाकावर, नंदाखालच्या फाटकात — दुकान उघडंच! कुलूप घालतो ते फक्त दाराला.

तरी बंद करवत नाही. माझी पाटी आहे ती. वाकड्या अक्षरासकट.

२२ एप्रिल

जिजाचा निरोप. "तुजी बहीन बोलली, मंगलवारी ये. पोरगा कामाला जातो, सून बाजारात जाते. मागच्या अंगाने ये बोलली." मग टोपली उचलता उचलता — "नि दाढी करून ये. हे मी सांगते."

२४ एप्रिल

गेलो. मागून, केळीतून, चोरासारखा. भावाने बहिणीकडे जायची वाट कुठली, तर सांडपाण्याच्या पाटाची! शेजारचा कुत्रा शेपूट हलवत आला. त्याला माझ्या धंद्याचं अजून कोणी सांगितलेलं नाही.

खाटेवर होती. निम्मी उरलीय. मी दारात, जमिनीकडे बघत उभा.

"किती दिवसांनी रे! दुकानात फार गर्दी का?"

"बाय, मला येऊ..."

"माहीत आहे मला. वर बघ."

"नको. माझं बघणं हल्ली लोकांना चालत नाही."

"मी लोक झाले होय? बघ म्हणते ना, ऑगस!"

पाहिलं. आणि व्हायचं तेच झालं — नजर उशीपासून पायांपर्यंत गेली. आपोआप. आकडा डोक्यात येऊन बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओळखलं. तिच्यापासून काय लपतंय!

"आखूड झाले ना मी?" म्हणाली, आणि हसली. खोकली. पुन्हा हसली.

मी बोलून गेलो, "बाय, तुझी मी फणसाची करीन. अस्सल पितळेच्या कड्या लावीन. अशी वसईत कोणाची झाली नसेल." बोललो आणि जीभ चावली. पण माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय?

ती छपराकडे बघत. मग म्हणाली, "चहा ठेव. दूध फडताळात आहे. साखर कमी घाल, तू नेहमी जास्त घालतोस."

बशीतून पाजला. फुंकर मारून. तिने माझा कान धरला — जोर नव्हता, नुसती बोटं ठेवली.

२६ एप्रिल

ॲन्सेल्मला कळलं. बँकेतून थेट दुकानात. आज हळू बोलला नाही.

"मामा, मागच्या दाराने शिरलात! माप घेऊन गेलात ना आईचं?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की चहा पाजून आलो रे. साधं वाक्य. ते सोडून काय म्हणालो? "घेतलं. तुझंही घेऊन ठेवलंय."

पलीकडे सुझानचं मशीन थांबलं. ॲन्सेल्म पांढरा पडला. गेला.

ही जीभ! पंचवीस वर्षं कंपनीतले लोक हिच्यावर हसले. ते आपल्या शेजारी बसून डबा खाणाऱ्याचं बोलणं होतं, म्हणून हसले. पेट्यांमध्ये उभं राहून तेच बोललं की त्याचा विनोद होत नाही. एवढं मला कळू नये?

जिजाला सांगितलं. ती म्हणाली, "ती जीभ घाल एका पेटीत, नि वरून खिले मार." आज पायरीवर बसली नाही.

३ मे

फणसाच्या फळ्या मिळाल्या. पिवळ्याधमक, एक गाठ नाही. भिंतीला उभ्या करून ठेवल्यात. कामाला घेतल्या नाहीत — जिवंत बहिणीच्या पेटीला रंधा लावणारा हात कुठला? रोज हात फिरवतो, मागे होतो.

सकाळी इथल्या चर्चची मयताची घंटा झाली. सावकाश, एक एक ठोका. बाजारातली माणसं माझ्याकडे बघायला लागली, जशी काही मीच वाजवतोय. मी नंदाखालच्या दिशेला बघत होतो. तिकडची घंटा इथवर ऐकू येत नाही. तरीही.

१२ मे

जिजा बसली आज. टोपली उतरवली. मग — "आता बोलत नाय ती. डोले उघडते फकस्त."

कुठल्या तोंडाने जाऊ? ॲन्सेल्म मला फाटकात उभं करणार नाही. पण पेटीसाठी त्याला माझ्याकडेच यावं लागेल. तेव्हा तरी तिच्याजवळ जाता येईल.

हे लिहून खोडलं. मग पुन्हा लिहिलं. खरं आहे तर खोडून काय?

१३ मे

रविवार. मिस्सेला मागच्या बाकावर बसलो. बाक अख्खा माझा.

१९ मे

मटिल्डाबाय गेली. पहाटे.

ॲन्सेल्म स्वतः टांगा घेऊन आला. मी फणसाच्या फळ्या पुढे ओढल्या. त्याने माझा हात धरला. "नको, मामा. पेटी मुंबईहून येतेय. आईने सांगून ठेवलं होतं — ऑगसकडून काही घ्यायचं नाही. त्याला म्हणावं, त्या दिवशी दुकान बंद कर आणि ये. मला भाऊ पाहिजे."

मुंबईहून आलेली पेटी भिकार. सांधे उघडे, कड्या पत्र्याच्या. एक शब्द बोललो नाही. पुढची उजवी कडी माझ्या हातात होती. खड्ड्यापाशी तोल गेला, तेव्हा मला पुष्कळ जणांनी धरलं. कोण कोण होते, पाहिलं नाही.